वर्णनलेखनाचा एक पाठ : फर्डिनांड वळूच्या चित्रकथेच्या आधारे
(इयत्ता तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी)

शाळातपासणीच्या वेळी निबंधाच्या वह्या चाळताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. चौथीच्या वर्गात तीस मुले असली, तर ‘आमचा बैल’ या विषयावर तीस निबंध मिळतात; बैल मात्र एकच मिळतो. त्याला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. तो गवत व कडबा खातो. तो शेतकऱ्याचा मित्र असतो, आणि तो सर्व मुलांना फार आवडतो. ज्याच्या घरी दावणीला बैलजोडी आहे त्याचाही बैल हाच, आणि ज्याच्या वडिलांनी भाड्याचा ट्रॅक्टर परवडतो म्हणून जोडी बाजारात विकली त्याचाही बैल हाच. अक्षर वळणदार असते, फळ्यावरून उतरवताना एकही ओळ गळालेली नसते, आणि खाली तांबड्या शाईत ‘छान’ असा शेरा असतो.

या निबंधात चूक कोणती, असे कोणी विचारील. खरोखर, त्यातील एकही वाक्य खोटे नाही. तथापि असा बैल कोणाच्याही गोठ्यात उभा नाही. बैल या जातीची व्याख्या करणे आणि एका बैलाचे वर्णन करणे ही दोन भिन्न कामे आहेत. व्याख्येत सर्वांना समान असेल तेवढेच घ्यावयाचे असते. वर्णनात जे त्या एकाचेच आहे ते प्रथम यावे लागते. आपण मुलांकडून वर्णनाच्या नावाखाली व्याख्या लिहवून घेतो. त्यात नुकसान भाषेचे होते त्याहून मुलाचे अधिक होते. हेच मूल गावच्या पाणवठ्यावर पन्नास जनावरांतून आपले जनावर लांबून, पाठमोरे असतानाही ओळखते. एवढे सूक्ष्म निरीक्षण ज्याच्यापाशी आहे, त्याच्या वहीत त्यातील एक कणही उतरत नाही. आपण पाहिलेले वहीत लिहावयाचे नसते, वहीत लिहावयाचे ते काही निराळेच असते, हा धडा ते कोणी न शिकवता शिकते. आणि हा धडा एकदा पक्का झाला, म्हणजे पुढे माध्यमिक शाळेत कितीही निबंधमाला आणून दिल्या तरी तो सहसा पुसला जात नाही.

ही गाठ सोडविण्यास एका चित्रपुस्तकाचा चांगला उपयोग होतो. ‘फर्डिनांडची गोष्ट’ हे ते पुस्तक. लेखक मन्रो लीफ, चित्रकार रॉबर्ट लॉसन, दोघेही अमेरिकन. पुस्तक १९३६ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले आणि पुढे जगातील अनेक भाषांत गेले. इंग्रजी प्रत हाती असली तरी अडचण नाही. मजकूर इतका थोडा आहे की शिक्षकाने तो आधी वाचून ठेवावा आणि वर्गात चित्रे दाखवीत गोष्ट आपल्या मराठीत सांगावी. केंद्रात मिळून एक प्रत असली तरी आळीपाळीने पुरते.

गोष्ट थोडक्यात अशी. स्पेन देशात फर्डिनांड नावाचा एक गोऱ्हा असतो. इतर गोऱ्हे दिवसभर धावतात, उड्या मारतात, एकमेकांना डोकी भिडवतात. याला मात्र कुरणात दूरच्या एका झाडाच्या सावलीत स्वस्थ बसून फुलांचा वास घेत राहणे आवडते. आईला काळजी वाटते की पोर एकटे पडले. ती त्याला विचारते. पण त्याला एकटेपणा वाटत नाही, हे पाहून ती त्याला त्याच्या मनासारखे बसू देते. कालांतराने त्याचा थोराड वळू होतो. एके दिवशी माद्रिदच्या झुंजींसाठी सर्वांत दांडगा वळू निवडण्यास चित्रविचित्र टोप्या घातलेली पाच माणसे येतात. बाकीचे वळू आपली निवड व्हावी म्हणून फुरफुरत धावू लागतात. फर्डिनांड आपल्या झाडाकडे वळतो आणि खाली बसतो, तो नेमका एका भुंग्यावर. भुंगा डसतो. फर्डिनांड उसळतो, धुसफुसतो, माती उकरतो, शिंगे रोखून धावतो. पाचही माणसे आनंदाने ओरडतात आणि त्याला गाडीत घालून घेऊन जातात. झुंजीच्या दिवशी ‘भयंकर फर्डिनांड’ आखाड्यात येतो, प्रेक्षकांत बसलेल्या स्त्रियांच्या केसांतील फुले पाहतो आणि आखाड्याच्या मध्यभागी बसून त्यांचा वास घेऊ लागतो. कोणी काहीही केले तरी तो उठत नाही. अखेर त्याला घरी परत आणून सोडावे लागते.

पुस्तक निघाले त्याच्या दोनच महिने आधी, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले होते. त्यामुळे मोठ्या माणसांनी या गोष्टीत राजकारण वाचले, आणि फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमध्ये तिच्यावर बंदीही आली. वर्गात हा इतिहास आणण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने या पुस्तकाचे मोल निराळ्याच तीन बाबींत आहे.

पहिली बाब अशी की लेखकाने फर्डिनांडला विशेषणांची माळ घातलेली नाही. शांत, सुस्वभावी, प्रेमळ अशी बिरुदे न लावता तो कोठे बसतो, काय करतो आणि काय करीत नाही एवढेच सांगितले आहे. आणि तेवढ्यावरून तो आपल्या ओळखीचा होतो. दुसरी बाब चित्रांची. ती केवळ काळ्या शाईच्या रेषांनी काढलेली आहेत. आत रंग नाही. रंगीत चित्र मुलाला सर्व काही देऊन मोकळे होते. येथे वळूचा रंग, फुलांचा रंग, दुपारच्या उन्हाचा रंग मुलालाच शब्दांनी भरावा लागतो. याच कारणासाठी या गोष्टीवर निघालेले चित्रपट (डिस्नेचा १९३८ चा छोटा चित्रपट, ज्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि २०१७ चा मोठा) पाठ पुरा होण्यापूर्वी मोबाइलवर दाखवू नयेत. त्यांत रंग आयता मिळतो आणि शब्दांचे काम संपते.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे टोपीवाल्या पाच माणसांचा प्रसंग. ती माणसे फर्डिनांडला पाहतात ती अवघे क्षणभर, तेही भुंगा डसल्यानंतर. त्यांना हवा होता तसा वळू दिसला, म्हणून त्यांनी तेच त्याचे वर्णन ठरविले आणि पुढे सबंध गाव त्या वर्णनावर विसंबून झुंज पाहण्यास जमले. वर्गात हा प्रसंग आला की थांबावे आणि विचारावे : ‘या माणसांनी काय पाहिले? काय पाहिले नाही? त्यांनी कोणाला विचारावयास हवे होते?’ तिसरीची मुलेसुद्धा शेवटच्या प्रश्नाला तत्काळ ‘त्याच्या आईला’ असे उत्तर देतात. निरीक्षण कशाला म्हणावे, याची याहून चांगली समजूत मला तरी देता आलेली नाही.

गोष्ट सांगण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणे शिक्षकाने स्वतः समजून घ्यावीत. फर्डिनांड हा बैल नव्हे, वळू आहे. गोऱ्हा, खोंड, वळू, बैल हा भेद खेड्यातील मुलांना पक्का ठाऊक असतो, आणि शिक्षकाने ‘बैल’ म्हटले तर मागील बाकावरून दुरुस्ती येते. येऊ द्यावी. त्याच्या आवडीचे झाड हे बूचवृक्ष होय. स्पेन-पोर्तुगालकडील हे झाड ओक जातीचे. त्याची जाड साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलून तिच्यापासून बाटल्यांची बुचे करतात. चित्रकाराने गमतीने त्या झाडाला फळांच्या घडांसारखी तयार बुचेच लोंबताना दाखविली आहेत. ही चूक मुलांना शोधू द्यावी. आपल्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतात ते निराळे. त्याची लांब दांड्याची पांढरी सुवासिक फुले सकाळी झाडाखाली पडतात. शाळेजवळ असे झाड असेल तर मूठभर फुले वर्गात आणावीत. गोष्टीतील झाड हे नव्हे, असे स्पष्ट सांगूनही ती हुंगण्यास हरकत नाही.

झुंजीविषयी मुले प्रश्न विचारतातच. स्पेनमधील झुंज गोव्याकडील धिरयोप्रमाणे दोन जनावरांची नसते. ती वळू आणि माणसे यांची असते. घोड्यावरील भालेकरी, रंगीत काट्या टोचणारे, आणि शेवटी लाल कापड व तलवार घेतलेला मुख्य झुंजार असा तिचा क्रम असतो. वळू लाल रंगाने चिडतो ही समजूत खरी नव्हे. तो कापडाच्या हालचालीवर धावतो. जेथे बैलगाडा शर्यतींचा शौक आहे अशा गावी (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ पासून अटींवर पुन्हा सुरू झाल्या आहेत) मुले हटकून विचारतात : ‘जो पळत नाही त्याला मालकाने विकला कसा नाही?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्या घरी जनावर हे भांडवल आहे त्यांचा तो खरा प्रश्न आहे. ‘तुमच्या घरी काय केले असते?’ असे विचारून उत्तरे ऐकून घ्यावीत. प्राणिदयेचे प्रवचन देऊ नये.

पाठाची मांडणी

पाठ एका तासिकेत उरकण्यासारखा नाही. आठवडाभरात चार तासिका त्याला द्याव्यात. पहिल्या तासिकेत गोष्ट आणि चित्रे. मुलांनी काही लिहावयाचे नाही.

दुसऱ्या तासिकेत फळ्याचे दोन भाग करावेत. एकावर ‘सर्वांचे’ आणि दुसऱ्यावर ‘त्याचेच’ असे लिहावे. मुले सांगतील ते त्या त्या भागात घालावे. शिंगे, शेपूट, खूर ही पहिल्यात जातील. झाडाखाली बसणे, फुले हुंगणे ही दुसऱ्यात. मग फर्डिनांडला बाजूस ठेवून मुलांच्या परिचयाच्या जनावरांकडे वळावे. येथेच पाठाची खरी गंमत सुरू होते, कारण कोणती गोष्ट कोणत्या भागात घालावी यावर वाद होतात. एका शाळेत एक मुलगा म्हणाला, ‘आमचा सर्जा उठताना आधी मागचे पाय उचलतो.’ फळ्यावर ते ‘त्याचेच’ या भागात गेले. लगेच दुसऱ्याने सांगितले की आमचाही तसाच उठतो. तिसरा म्हणाला, आमची म्हैसही. बाईंनी निकाल दिला नाही. त्यांनी सर्वांना घरी जाऊन पाहून येण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पहिल्या भागात आले, कारण गुरे सर्वच मागचे पाय आधी उचलून उठतात. आणि एका मुलीने ज्ञानात भर घातली की टांगेवाल्याचा घोडा मात्र पुढचे पाय आधी उचलतो. अशा वादात वेळ जातो, ही तक्रार मी अनेक ठिकाणी ऐकतो. तो वेळ लेखनाच्याच खात्यात धरावा.

जातीची माहिती येथे ओघाने द्यावी. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडील खिल्लार मागे वळलेल्या लांब टोकदार शिंगांचा. लातूरकडील देवणी पांढऱ्यावर काळे पट्टे असलेला. नांदेडकडील लाल कंधारी तांबडा. नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातील डांगी, जो मुसळधार पावसातही काम करतो. वर्धा-नागपूरकडील पांढरा गवळाऊ. मात्र जात सांगितली म्हणजे वर्णन झाले असे नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे. ‘खिल्लार’ हा शब्दसुद्धा पहिल्याच भागात जातो. एकाच गायीचे दोन खोंड एका दावणीला असले तरी घरातील मूल त्यांना निरनिराळे ओळखते. ते कशावरून, हे आपल्याला हवे आहे.

तिसरी तासिका गोठ्यात. शाळेजवळच्या पालकाची आगाऊ परवानगी घ्यावी, सहा-सात मुलांचे गट करावेत, आणि जनावराच्या मागे उभे राहू नये ही ताकीद आधी द्यावी. प्रत्येकाने तेच जनावर निदान दोनदा पाहावे, एकदा ते बांधलेले असताना आणि एकदा चारापाण्याच्या वेळी. टोपीवाल्या माणसांची आठवण येथे द्यावी. डोळ्यांबरोबर कान आणि नाकही कामास लावावे. रवंथ करण्याचा आवाज, घंटेचा नाद, ओल्या कडब्याचा वास हे लिहिण्याजोगे असते असे मुलांना सांगावेच लागते, कारण आजवर कोणी सांगितलेले नसते. मोठा, लहान, लांब या शब्दांऐवजी माप घ्यावे : वशिंड माझ्या खांद्याला लागते, शिंग माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आहे. ज्यांच्या घरी गुरे नाहीत त्यांनी शेळी, कोंबडी, मांजर घ्यावे. तेही नसल्यास वडिलांची सायकल किंवा आजीचा बटवा चालेल. पन्नास सायकलींतून घरची सायकल ओळखू येते, ती काही उगीच नव्हे.

चौथ्या तासिकेत लेखन. आठ-दहा ओळी पुरेत. फळ्यावर नमुना लिहू नये. नमुना लिहिला की तीस बैलांचा पुन्हा एक बैल होतो. ‘सुंदर’, ‘छान’, ‘खूप आवडतो’ हे तीन शब्द त्या दिवसापुरते बंद ठेवावेत. मुलांना हे बंधन खेळासारखे वाटते आणि ती ते कसोशीने पाळतात. लेखन झाले म्हणजे वह्या आपसांत बदलून मोठ्याने वाचाव्यात आणि ऐकणाऱ्यांनी ते जनावर कोणाचे, हे ओळखावे. ओळखता आले तर वर्णन साधले. न आल्यास कोणती एक ओळ घातली असती तर ओळखता आले असते, ते ऐकणाऱ्यांनी सुचवावे. या परीक्षेस गुणदान लागत नाही आणि शिक्षकाच्या मतावरही ती अवलंबून नसते.

या रीतीने लिहिलेल्या एका वहीतील काही ओळी अशा होत्या : ‘पवळ्याचे डावे शिंग टोकाला तुटलेले आहे. पाणी पिण्याआधी तो हौदात फुंकर घालतो. जू ठेवले की मान हलवतो. आईने हाक मारली तर कान हलवतो. मी मारली तर हलवत नाही.’ लिहिणारी मुलगी चौथीत होती आणि तिच्या आधीच्या निबंधावर ‘वाढवून लिहा’ असा शेरा होता. शेवटच्या दोन वाक्यांत बैल आहे, आई आहे आणि स्वतः ती मुलगीही आहे. यात वाढवावयाचे काय?

वह्या तपासताना

तपासणीचे काम येथे अधिक जपून करावे लागते. एका वहीत मुलाने ‘आमचा बैल कोसा आहे’ असे लिहिले होते. त्यावर काट मारून वर ‘पांढरा’ असे लिहिलेले मला आढळले. कोसा हा खिल्लार जनावरांच्या रंगाचा शब्द आहे. काजळीपासून तो वेगळा ओळखला जातो, आणि ‘पांढरा’ या शब्दाने ती छटा सांगता येत नाही. मुलाने नेमका शब्द वापरला होता, आपण तो काढून ढोबळ शब्द घातला. वशिंड, पोळी, गोंडा, वेसण, कासरा, झूल हे शब्द पाठ्यपुस्तकात क्वचित येतात, पण मराठी भाषेचेच आहेत. गावाच्या बोलीतील शब्द शिक्षकास अपरिचित असेल तर मुलालाच त्याचा अर्थ विचारावा आणि वर्गाच्या शब्दसंग्रहात त्याची नोंद करावी. शुद्धलेखनाच्या चुका अवश्य दुरुस्त कराव्यात, परंतु त्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी. पहिल्या वाचनात लेखणी खाली ठेवून केवळ वाचावे, आणि जी ओळ त्या मुलावाचून दुसऱ्या कोणी लिहिली नसती तिच्याखाली एक साधी रेघ ओढावी. ‘छान’ या शेऱ्यापेक्षा ती रेघ मुलाला अधिक सांगते.

जनावरांच्या वर्णनानंतर माणसांच्या वर्णनाकडे जाण्याचा मोह होतो, आणि ‘माझा मित्र’ हा विषय दिला जातो. येथे थोडे थांबावे. ‘त्याचेच काय?’ हा प्रश्न वर्गातील सोबत्यांविषयी विचारला की काही मुलांच्या बाबतीत उत्तर ठरलेले असते : रंग काळा, पाय लंगडा, बोलणे तोतरे, कपडे फाटके. हे वर्णन नव्हे. टोपीवाल्या माणसांनी क्षणभर पाहिलेला फर्डिनांड तो हाच. म्हणून माणसांच्या वर्णनात पहिला नियम असा ठेवावा की शरीराविषयी आणि कपड्यांविषयी काही लिहावयाचे नाही. ती व्यक्ती काय करते, कसे करते, कोणत्या वेळी हसते, एवढेच लिहावे. सुरुवातही वर्गमित्रापासून न करता आजी, दुकानदार, एस. टी. चा वाहक यांच्यापासून करावी. जे मूल वर्गात एकटे बसते त्याच्याविषयी गोष्टीतील आईचे वागणे शिक्षकाने ध्यानी ठेवावे. तिने आधी विचारले, मग पाहिले, आणि नंतर त्याला बसू दिले. परंतु एकटे बसणारे प्रत्येक मूल फर्डिनांड नसते. काहींना कोणी खेळावयास घेत नाही म्हणून ती बसतात. हा भेद विचारल्यावाचून आणि पाहिल्यावाचून कळत नाही.

पाठासाठी सोयीचा काळ म्हणजे पोळ्याच्या आसपासचे दिवस. ज्या भागात आषाढात बेंदूर करतात तेथे त्या सुमारास. खांदेमळणीच्या दिवशी घरोघरी जनावरे धुतली जातात, त्यांना निरखण्यास आणि हात लावण्यास मुलांना पुरेसा अवकाश मिळतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तेथे लाकडी बैलांचेही वर्णन घेता येईल, कारण सुताराच्या हातचे दोन बैल सारखे नसतात. पाठ झाल्यानंतर केंद्राच्या शिक्षण परिषदेस वह्या आणावयाच्या आहेत. त्या आणताना निवडक पाच न आणता वर्गातील सर्वच्या सर्व आणाव्यात, आणि शक्य झाल्यास त्याच मुलांचे ‘आमचा बैल’ हे जुने निबंधही सोबत असावेत.